बाद केलेल्या प्लेटा

३ फेब्रुवारी, सोमवार

ताईने आज कागदांवर सह्या केल्या. तीन ठिकाणी करायच्या होत्या, तिने चार ठिकाणी केल्या. चौथी जागा डॉक्टरांची होती. डॉक्टर म्हणाले, "आता तुम्हीच मला तपासा." ती म्हणाली, "जीभ दाखवा."

औषध नवं आहे. सध्या फक्त एकोणीस जणांना द्यायचं ठरलंय आणि ताई त्यातली एक. म्हणून रोजचं लिहून ठेवायचं. हॉस्पिटलने तिला हिरव्या पुठ्ठ्याची एक वही दिली. रोज एकच ओळ भरायची: तारीख, आज काही त्रास झाला का, झाला तर काय. दाराबाहेर पडताच तिने ती माझ्या पिशवीत कोंबली. "मला शिवायला सांग, उसवायला सांग, लिहायला सांगू नकोस. तूच भर." मग येताना मी माझ्यासाठीही एक वही घेतली, ती ही. तिच्या वहीत एक ओळ मावते. माझं एका ओळीत कधी भागलंय?

माझं काम पेशी वाढवण्याचं. एकतीस वर्षं हेच करतोय. बाळंतपणानंतर जी नाळ टाकून देतात ती आमच्या प्रयोगशाळेत येते. त्या नाळेतल्या रक्तवाहिनीला आतून एक पातळ अस्तर असतं. त्या अस्तराच्या पेशी मी सोडवून घेतो, प्लेटमध्ये पेरतो, त्यांना खाऊपिऊ घालतो. पाच-सहा दिवसांत त्या एकमेकींना चिकटून तळ झाकून टाकतात, फरशी बसवल्यासारखा. मग त्यांच्यावर औषधाचे नॅनोकण सोडायचे. एका केसाच्या जाडीत हजार कण शेजारी शेजारी उभे राहतील, इतके बारीक. दुसऱ्या दिवशी आमच्या मोजणीबाई निळा रंग घालून किती पेशी मेल्या ते मोजतात. मेल्या नसल्या तर औषधाची ती खेप हॉस्पिटलला जाते.

डॉक्टरांनी ताईला तासभर सगळं समजावलं. तिने एकच प्रश्न विचारला, "हे तपासतं कोण?" त्यांनी प्रयोगशाळेचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आमचा छोटू. मग आणा पेन." मी अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, चारचौघांत छोटू झालो. पण खोटं कशाला लिहू, छाती फुगली होती.

दुसरा उपाय नव्हताच. साखरेच्या आजाराने तिच्या उजव्या पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. अंगठ्याजवळची जखम सात महिने भरत नाही. हे कण औषध थेट त्या अरुंद जागी पोचवतात म्हणे. नाही जमलं तर पाऊल कापायचं. तिचं शिवणयंत्र पायाने चालवायचं आहे. आई-वडील गेले तेव्हा ती एकोणीसची होती आणि मी अकराचा. त्याच मशीनवर तिने मला वाढवलं, शिकवलं. लग्नाचं विचारायला लोक आले तर म्हणायची, "आधी या ध्यानाचं होऊ दे." या ध्यानाचं काही झालं नाही, तिचंही राहिलं. दोघं दोन खोल्यांत राहतो, एकोणीस पायऱ्या चढून वर.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला डोस. सलाईनमधून, तीन तास. बाटलीतलं पाणी किंचित तांबूस दिसत होतं. मी बाटलीवरचा खेप क्रमांक वाचला. ती खेप माझ्याच पेशींवर तपासलेली. ताईला सांगितलं तर ती सलाईनकडे बघून म्हणाली, "ये बाबा, ओळखीचाच आहेस."

हिरव्या वहीत लिहिलं: त्रास नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

हे मी कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहितो. माझा उजवा हात थरथरतो. दिवाळखोर माणूस जसा हसतमुख राहतो तसा मी राहतो, हात खिशात घालून. सकाळी ठीक असतो. दुपारी तीननंतर थेंब मोजून सोडायची पिपेट धरली की टोक हलताना दिसतं.

प्रयोगशाळेत माझ्या हाताचं नाव आहे. नवीन माणूस आला की आमच्या प्रमुख मॅडम त्याला माझ्या बाकाशी आणून उभं करतात. "यांच्या पेशी मरत नाहीत," असं सांगतात. त्यांना कळलं की हात गेला, तर मला कागद चाळायला बसवतील.

आज दोन प्लेटा बाद केल्या. कण सोडल्यावर दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर पेशी जिवंत, टवटवीत, पण एकमेकींपासून जरा सरकलेल्या. मध्ये फटी. औषध जोरात सोडलं की असं होतं, प्रवाहाने पेशी उचकटतात. माझ्याच हाताचा प्रताप. नियमही असाच आहे: हाताळताना बिघडलेली प्लेट मोजणीला पाठवायची नाही. 'बाद, हाताळणीतील चूक' असा शेरा लिहायचा, टाकून द्यायची आणि नवी लावायची. कण न घातलेल्या कोऱ्या प्लेटा मात्र छान आल्या. त्या मी सकाळी करतो, कणांच्या दुपारी. सकाळचा हात आणि दुपारचा हात आता एक राहिला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

ताईने सकाळी हाक मारली. पाऊल पुढे करून म्हणाली, "हात लाव." गरम होतं! दोन वर्षांत तो पाय मला गार फरशीसारखाच लागत आला होता. जखमेच्या कडेला गुलाबी कातडी धरलीय. मी पाऊल हातात धरून बसून राहिलो तर म्हणाली, "पुरे, नमस्कार करायचा असेल तर खाली वाक."

दुपारी तिने मशीनवर बसून शेजाऱ्यांचा पडदा शिवला. सगळा पडदा. मी आतल्या खोलीत खटखट ऐकत होतो आणि मला रडू आलं. आनंदाने रडायचं वय नाही माझं, पण आलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुसरा डोस. त्रास नाही. ताई परिचारिकेला परकराचं माप कसं घ्यायचं ते शिकवत होती. मी हिरवी वही पुढे केली, परिचारिकेने पान बघून बरोबरची खूण केली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ताईच्या बोटात अंगुस्तान अडकलं. शिवताना सुई टोचू नये म्हणून ती घालते ना, ती पत्र्याची टोपी. चाळीस वर्षं तेच अंगुस्तान, तेच बोट. आज निघेना. साबण लावून मी ओढलं तेव्हा निघालं. बोटं जरा जाडसर वाटली. मी म्हटलं, "कालच्या भाजीत मीठ जास्त पडलं माझ्याकडून. मिठाने अंगाला पाणी धरतं."

ताई म्हणाली, "लोक म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं. तुझं सगळं उलटं. अंगण वाकडं असलं तरी तू म्हणणार, मलाच नाचता येत नाही."

"मग भाजी खारट नव्हती?"

"होती. पण रोज थोडीच असते?"

तरी मी आजपासून मीठ निम्मं केलंय. हिरव्या वहीत मीठ काय लिहायचं? माझ्या स्वयंपाकाची तक्रार त्यांनी कशाला वाचायची? त्रास नाही, असंच लिहिलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

नव्या खेपेच्या आठ प्लेटांतल्या पाच बाद. पुन्हा त्याच फटी. मोजणीबाई माझ्या शेजारच्या बाकावर बसतात. बावीस वर्षांत त्यांची एक मोजणी चुकलेली मी पाहिली नाही. डोळे न उचलता म्हणाल्या, "भाऊ, हल्ली तुमच्या बऱ्याच प्लेटा बाद होतात."

मी म्हटलं, "खालच्या मजल्यावर भिंत पाडतायत. बाक हादरतो."

"माझा नाही हादरत," त्या म्हणाल्या, आणि मोजत राहिल्या.

संध्याकाळी त्यांच्या नजरेची धास्ती घेऊन मी एक गोष्ट केली. पाचांतल्या दोनच प्लेटा वहीत बाद म्हणून लिहिल्या. तीन तशाच टाकल्या, नोंदच केली नाही. नव्या लावल्या, त्यांतल्या ज्या बऱ्या येतील त्या पुढे पाठवेन. कुणाचं काही नुकसान झालं नाही. मेलेली पेशी एकही लपवली नाही मी. फक्त माझा हात लपवला.

६ मार्च, गुरुवार

तिसरा डोस. डॉक्टरांनी आज स्वतः हिरवी वही चाळली. एक महिना, रोज एक ओळ, माझं वळणदार अक्षर. म्हणाले, "इतकी स्वच्छ वही दुसऱ्या कुणाची नाही." ताईने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी शाळेत पहिला आल्यावर बघायची. मी कधीच पहिला आलो नाही, तिसरा यायचो, पण ती तसंच बघायची.

९ मार्च, रविवार

चप्पल घट्ट होते म्हणते. उन्हाळा लागलाय. उन्हाने माझेही पाय सुजतात.

१२ मार्च, बुधवार

आज ताईला सगळं सांगितलं. हात, बाद प्लेटा, मोजणीबाई. तिच्यापासून काही लपवून मला कधी राहवलं नाही. फोनमध्ये एका बाद प्लेटचा फोटो होता तोही दाखवला. "हे बघ, या पेशी. आणि या मधल्या फटी. माझ्या हाताची कमाल."

तिने चष्मा लावला, फोन दूर धरला, जवळ धरला. खूप वेळ बघितलं. मग म्हणाली, "हात थरथरला की कापड एका जागी बिघडतं. इथे ओढलं जातं, तिथे गोळा होतं. हे तर सगळीकडे सारखं आहे."

"म्हणजे?"

"कापडाला काही झालेलं नाही, छोटू. शिवण उसवलीय."

मी हसलो. ज्याला त्याला आपापला धंदा दिसतो. न्हाव्याला जगात केसच दिसतात. तिलाही तेच सांगितलं. ती नाही हसली. फोन परत देताना म्हणाली, "मॅडमना दाखव एकदा." मी म्हटलं, बघू. मॅडमना दाखवायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

तिची पावलं आज टेकूवर ठेवली होती. घोट्यावर बोट दाबलं तर खळगा पडतो आणि सावकाश भरतो. जखम मात्र जवळजवळ मिटली.

१५ मार्च, शनिवार

ताई बाजारातून येताना सातव्या पायरीवर बसली. मी वरून बघत होतो. बाराव्या पायरीवर पुन्हा बसली. वर आली तेव्हा बोलता येत नव्हतं. पाणी प्यायली आणि म्हणाली, "वय झालं." सकाळी तिच्या पलंगावर तीन उशा दिसल्या होत्या. आडवं झालं की गुदमरल्यासारखं होतं, म्हणून बसूनच डोळा लावते, असं तिने आत्ता सांगितलं. चार दिवसांपासून.

मी हिरवी वही काढली. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"लिहू नकोस."

"ताई, विचारलंय त्यांनी."

"गुरुवारी चौथा डोस आहे. तू हे लिहिलंस तर बंद करतील. आणखी एक मिळू दे. जखम बघ कशी मिटत आलीय. मला मशीन चालवता येतंय रे."

मी म्हटलं, खोलीत धूळ फार झालीय, मी झाडलोट नीट करत नाही, त्याचंच असेल. ती लगेच म्हणाली, "हो, धूळच असेल." दोघांनी मिळून धूळ ठरवली. मी लिहिलं: त्रास नाही.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी चहा घेऊन गेलो तर ताई खिडकीची कड धरून उभी होती. ओठ निळसर. श्वासाला बुडबुड्यांचा आवाज. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी खुर्चीत बसवून तिला खाली नेलं. एकोणीसही पायऱ्या ती मला सांगत होती, मशीनवर कापड घाल, मशीनवर कापड घाल.

१९ मार्च, बुधवार

फुप्फुसांत पाणी झालंय. डॉक्टर म्हणाले, "हृदय चांगलं आहे, मूत्रपिंडंही. मग हे पाणी झिरपतंय कुठून तेच कळत नाही." मग त्यांनी हिरवी वही उघडली, शेवटच्या पानापासून उलटी चाळत गेले. "अंगावर सूज? दम लागणं? आधी काहीच नव्हतं?"

माझ्या पिशवीत ही वही होती. बोटातलं अंगुस्तान, चप्पल, खळगा, उशा, सगळं हिच्यात आहे. मी म्हटलं, "तसं काही विशेष नाही."

मी असं का म्हटलं? माझं अक्षर होतं त्या हिरव्या वहीत. इतकी स्वच्छ वही दुसऱ्या कुणाची नाही.

२० मार्च, गुरुवार

सकाळी अकराला मोजणीबाईंचा फोन आला. मी रजेवर म्हणून माझ्या प्लेटा त्या बघतायत.

"भाऊ, ताई कशा आहेत?"

"तशाच."

"एक विचारायचं होतं. आत्ता विचारू का नको कळत नाही. काल मी कण सोडले. आज फटी आल्यात. तुमच्या यायच्या तशाच."

मी म्हटलं, "दुपारी केलंत का? दमला असाल."

"सकाळी नऊला केलं. आणि माझा हात दुपारीही दमत नाही." मग म्हणाल्या, "कोऱ्या प्लेटांत फट नाही. कणांच्या सहाही प्लेटांत आहे. एकही पेशी मेलेली नाही, नुसत्या सुटल्यात एकमेकींपासून. ही चूक हाताची नाही हो."

मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभा होतो. शिवण उसवलीय. तिने मला आठ दिवसांपूर्वी सांगितलं होतं. पाणी कुठून झिरपतंय ते डॉक्टरांना कळत नव्हतं आणि मला माहीत होतं: रक्तवाहिन्यांच्या उसवलेल्या अस्तरातून. कधीपासून माहीत होतं ते या वहीत तारखेनिशी लिहिलेलं आहे.

धावत गेलो. डॉक्टर कुणाशी तरी बोलत होते, मी मध्येच घुसलो. ही वही उघडून त्यांच्यापुढे वाचली. चोवीस फेब्रुवारी. नऊ मार्च. बारा. पंधरा. त्यांनी मला शेवटपर्यंत वाचू दिलं नाही. बोट दाखवून "पुरे" म्हणाले आणि फोन उचलला. आज चौथ्या डोसचा दिवस होता. बाकी अठरा जण त्याच वेळी खालच्या मजल्यावर खुर्च्यांवर बसलेले होते. सहा जणांच्या अंगात औषध जायला लागलं होतं. बारा जणांचं सुरू होण्याआधी थांबलं.

मी काल बोललो असतो तर त्या सहांच्याही अंगात ते गेलं नसतं.

२१ मार्च, शुक्रवार

दुपारी ताईला थोडी शुद्ध होती. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क तिने बोटाने उचलला.

"सांगितलंस?"

"सांगितलं. सगळं. मोजणीबाईंच्या प्लेटांतही फटी आल्या, ताई. त्यांनी सकाळी केल्या होत्या."

तिला समजायला वेळ लागला. मग तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी बघत होतो.

"म्हणजे तुझा हात चांगलाय," ती म्हणाली.

तिने माझा उजवा हात घेतला आणि आपल्या सुजलेल्या पंजात धरून ठेवला. तो थरथरत होता. तिला ते कळत होतंच. "उगाच घाबरला होतास," म्हणाली. परिचारिकेने मास्क खाली केला.

२२ मार्च, शनिवार

ताई गेली. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी.

जखम पूर्ण भरलेली होती. मी पाय पाहिला.

३१ मार्च, सोमवार

नऊ दिवस लिहिलं नाही. शेजारचे येतात, बसतात, जातात. पडदा शिवून घेतलेल्या बाई आल्या आणि मशीनकडे बघून रडल्या. मला वाटलं, यांना सांगावं, मी केलं. पण मी म्हटलं, "चहा घ्या."

आज डॉक्टरांना भेटलो. विचारलं, "अंगुस्तान अडकलं त्या दिवशी मी वहीत लिहिलं असतं तर?" ते टेबलावरचे कागद सारखे करत राहिले. मला वाटलं सांगतील, आता त्याचा विचार करू नका. लोक तसं सांगतात. ते म्हणाले, "तिसरा डोस दिला नसता."

खरं बोलले. त्याबद्दल मी त्यांचा राग धरणार नाही.

इतर अठरांपैकी पाच जणांना सूज होती. एक जण अजून अतिदक्षता विभागात आहे, त्या सहांतला. बाकीच्यांची औषध थांबल्यावर उतरतेय. एकाच्या वहीत फेब्रुवारीपासून लिहिलेलं होतं, "अंगठी घट्ट." हॉस्पिटलला वाटलं वजन वाढलं असेल. एकट्याच्या वहीत एकच ओळ असली की असंच वाटतं. दुसरी ओळ माझ्याकडे होती.

३ एप्रिल, गुरुवार

कामावर गेलो. सरळ मॅडमच्या खोलीत. सगळं सांगितलं, हात टेबलावर ठेवून, खिशात न घालता. त्यांनी विचारलं, "बाद किती?"

"नोंदलेल्या तेवीस."

"न नोंदलेल्या?"

"जवळपास तेवढ्याच. आठवतील तेवढ्या लिहून देतो."

मॅडमनी तो आकडा लिहून घेतला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "चूक आपली सगळ्यांची आहे. आपण फक्त मेलेल्या पेशी मोजत होतो. जिवंत पेशी एकमेकींना धरून आहेत की नाही, हे कुणी विचारलंच नाही." आणि मग, हळू आवाजात, "पण तुम्हाला ते दिसलं होतं, भाऊ."

चौकशी होईल. तोवर कामावर या म्हणाल्या, पुढे पाठवायच्या प्लेटांना मात्र हात लावायचा नाही. मी एकच मागितलं. एक कोरी प्लेट पेरू द्या, माझ्यासाठी. त्यांनी का ते विचारलं नाही.

७ एप्रिल, सोमवार

हॉस्पिटलने हिरवी वही दुरुस्तीसाठी दिली होती. जुनं खोडायचं नाही, शेजारी खरं लिहून सही करायची. ही वही उघडी ठेवून, तारखेला तारीख लावत, दिवसभर बसलो. चोवीस फेब्रुवारी, त्रास नाही. शेजारी: बोटं सुजली, अंगुस्तान निघेना. बारा मार्च, त्रास नाही. शेजारी: घोट्यावर खळगा. पंधरा मार्च, त्रास नाही. शेजारी: सातव्या पायरीवर बसली, बाराव्या पायरीवर बसली, तीन उशा, लिहू नकोस म्हणाली.

शेवटचे तीन शब्द लिहू की नको कळेना. तिच्यावर ढकलल्यासारखं वाटलं. मग वाटलं, आता काही वगळायचं नाही. पुढे लिहिलं: भावाने ऐकलं.

मशीनवर अजून ते कापड आहे, मी घातलेलं. अंगुस्तान मी खिशात ठेवतो. माझ्या करंगळीलासुद्धा बसत नाही, इतकं लहान आहे. असल्या बोटांनी तिने मला वाढवलं.

१० एप्रिल, गुरुवार

ती प्लेट तीन तारखेला पेरली होती. काल तळ पूर्ण भरला. मुद्दाम दुपारी चारला बसलो, जेवलो नव्हतो, चार दिवस नीट झोप नव्हती. हात इतका थरथरत होता की पिपेटचं टोक दोनदा काठावर आपटलं. कण घातले नाहीत. नुसतं सलाईनचं पाणी, औषधाएवढंच, आणि तेही जोरात सोडलं. जितक्या वाईट हाताने सोडता येईल तितक्या.

आज सकाळी नऊला सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. या काठापासून त्या काठापर्यंत. मोजणीबाईंना बघायला लावलं. त्यांनी बघितलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या बाकावर गेल्या.

एकही फट नाही.

नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: हात थरथरत असताना केली. अस्तर अखंड. बाद नाही.

हे तपासायला एक प्लेट आणि सात दिवस लागले. फेब्रुवारीतही तेवढेच लागले असते.